चाळीस घोडे, पन्नास घोडे

मुंबईत ‘फियाट चांगली की अँबेसिडर’ हा वाद फारसा रंगलाच नाही. डॉक्टरांची फियाट, वकिलांची फियाट, नाक्यावरची टॅक्सी तीही फियाटच. अँबेसिडर थांबली की आतून कुणीतरी साहेब उतरणार हे ठरलेले. कलकत्त्यात नेमके उलटे. तिथली पिवळी टॅक्सी अँबेसिडर. या आवडीनिवडीत गाडीच्या गुणांचा वाटा थोडा आणि कारखान्याच्या पत्त्याचा मोठा. फियाट कुर्ल्याला तयार होई, अँबेसिडर हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला. कारखाना जिथे, तिथे सुटे भाग. सुटे भाग जिथे, तिथे ते डोळे मिटून ओळखणारे मिस्त्री. आणि मिस्त्री जिथे, तिथे ती गाडी.

तेव्हा निवाडा या दोन शहरांवर सोपवण्यात अर्थ नाही. दोन्ही गाड्यांचे कागदावरचे आकडे घ्यावेत आणि रस्त्यांचे सगळे नमुने हाताशी असलेल्या एखाद्या मुलखात उतरवावेत. वसई-विरार त्या कामाला नामी. पश्चिमेला वाड्यांमधून वळणे घेत पापडी, निर्मळ, आगाशी, अर्नाळ्याकडे जाणारे रस्ते, पूर्वेला अहमदाबादचा महामार्ग, दक्षिणेला खाडी, पावसाळ्यात तुंबणारे पाणी आणि बाराही महिने खारा वारा. चढ हवा असेल तर पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जव्हार आहे. खरे तर हा मुलूख मोटारीचा नाही, लोकलचा. विजेवरची लोकल १९३६ मध्ये विरारपर्यंत आली, तेव्हापासून इथल्या माणसाची मुंबई रुळांवरून जाते. रोजच्या नोकरीला कार लागत नाही. ती लागते लग्नाला, दवाखान्याला, पाव्हण्यांना आणायला. म्हणजे गाडी निघते ती भरूनच. या एका गोष्टीने पुढचा निम्मा हिशेब फिरतो, म्हणून ती आधीच सांगून ठेवली.

आधी दोघींचे कूळ. फियाट ११०० चा इथे आलेला अवतार १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दिसला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जात. पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार होऊन ११०० सुरू झाली. पुढची दारे उलटी उघडणारी ती पहिली पिढी तिच्या नाकामुळे मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. १९६४ च्या सुमाराला चौकोनी अंगाची ११०० डी आली. फियाटचा परवाना संपल्यावर तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. पाटी बदलली, पत्रा तोच. लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले आणि या प्रकरणातही तसेच म्हणू.

अँबेसिडरचे मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये, त्यातही तिसऱ्या मालिकेत. बी. एम. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये गुजरातच्या ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये उत्तरपाड्याला गेली. हिंदुस्तान टेन, लँडमास्टर अशा पायऱ्या चढत १९५७-५८ मध्ये अँबेसिडर बाहेर पडली. इंग्लंडात ती ऑक्सफर्ड १९५९ मध्येच बंद झाली. इटलीतली ११०० निदान १९६९ पर्यंत टिकली. इथे मात्र पद्मिनीने नवे शतक पाहिले आणि अँबेसिडर तर २०१४ च्या मे महिन्यापर्यंत निघत होती.

एवढा काळ आकडे गोठून राहिले याचे कारण अभियांत्रिकीत शोधू नये. किती गाड्या काढायच्या हे परवान्यात लिहिलेले, १९६९ मध्ये किंमतही सरकारने बांधून दिली, आणि दाराशी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी १२,००० रुपयांची फियाट घेताना पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचे कर्ज काढले, ही गोष्ट त्यांच्या साधेपणासाठी सांगितली जाते. त्यातून कार तेव्हा किती दूरची वस्तू होती हेही कळते. जो माल बनण्याआधीच विकला गेला आहे, तो सुधारण्याची घाई कुणाला असणार? त्यामुळे तुलना करणाऱ्याची मात्र सोय झाली. १९७० ची फियाट आणि १९८५ ची फियाट यांत इंजिनाच्या आकड्यांपुरता फारसा फरक नाही. अँबेसिडरचे १९५९ मध्ये आलेले पेट्रोल इंजिनही तीन दशके तेच राहिले.

आता त्या इंजिनांकडे वळू. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, अँबेसिडरचे १४८९ सीसीचे. दोन्हींना चार सिलिंडर. सीसी म्हणजे चारही पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत गेले की मिळून जेवढी जागा झाडून काढतात तेवढे घनसेंटिमीटर. हा आकडा घरी पडताळता येतो. फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा, धावेने गुणा, चारने गुणा, १०८९ हजर. अँबेसिडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, धाव ८८.९, उत्तर १४८९. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि मोठा आकडा जिंकला असे समजतात. पण बघण्यासारखा भाग बेरजेत नाही, व्यास आणि धावेच्या प्रमाणात आहे. व्यास दोघींचा पाचच मिलिमीटरनी वेगळा. धाव मात्र जवळपास १४ मिलिमीटरनी. अँबेसिडरचे इंजिन लांब धावेचे आहे.

लांब धाव असली की दोन गोष्टी घडतात. एक, क्रँकचा दांडा लांब होतो, त्यामुळे तरफेसारखा जोर वाढतो आणि गाडी कमी फेऱ्यांतही ओढते. दोन, त्याच फेऱ्यांना पिस्टनला जास्त धावावे लागते. मिनिटाला ४००० फेऱ्या धरल्या तर फियाटचा पिस्टन सरासरी सेकंदाला १० मीटर पळतो आणि अँबेसिडरचा जवळजवळ १२. त्या काळचे धातू, त्या काळचे तेल आणि कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी खाली ठेवलेले कॉम्प्रेशन पाहता दुसऱ्या इंजिनाला पळवण्यात शहाणपण नव्हते. म्हणून फियाटची पूर्ण ताकद ४८०० फेऱ्यांच्या आसपास मिळते, अँबेसिडरची ४२०० च्या आसपासच संपते.

ताकद, म्हणजे बीएचपी, आणि ओढ, म्हणजे टॉर्क, यांत लोकांची नेहमी गल्लत होते. वसईच्या वाडीतली विहीर डोळ्यांसमोर आणा. एक जण मोठी बादली सावकाश ओढतो, दुसरा लहान बादली झपाट्याने. मिनिटाला निघालेले पाणी सारखे असू शकते, ती ताकद. एका खेपेला दोरीवर किती भार पेलला, ती ओढ. अँबेसिडर मोठ्या बादलीची, फियाट लहान बादलीची. फियाटची ओढ सुमारे ७० न्यूटन-मीटर, अँबेसिडरची १०० च्या आसपास. ताकद अनुक्रमे ४० आणि ५० बीएचपी. वर्षानुसार, माहितीपत्रकानुसार एखाददुसरा घोडा इकडेतिकडे होतो, पण तुलनेला हे पुरेत.

पन्नास घोडे चाळीसांना हरवणार हे उघड वाटते. पण घोडे गाडी ओढतात, आणि गाडीला वजन असते. फियाट ८९५ किलोची. अँबेसिडर मॉडेलनुसार थोडी कमीजास्त. ११५० किलो धरू. फियाटला टनामागे ४४.७ घोडे मिळाले, अँबेसिडरला ४३.५. म्हणजे बरोबरीच म्हणायची, कारण एवढा फरक प्लग साफ करून आणि टायरमध्ये हवा भरूनही पडतो. रिकाम्या गाड्या घेऊन कुणी वसई फाट्यावर शर्यत लावली असती तर ती ड्रायव्हरच्या डाव्या हातावर ठरली असती. दोन्ही गाड्यांचे गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्याला आपल्याकडे हँड गिअर म्हणत.

पण इथली गाडी रिकामी निघत नाही हे आपण सुरुवातीला पाहिले. पाच माणसे बसवू, प्रत्येकी साठ किलो. फियाट झाली ११९५ किलो, तिला टनामागे साडेतेहतीस घोडे. अँबेसिडर झाली १४५०, तिला साडेचौतीस. पारडे फिरले! लग्नाच्या घाईत आठ जण कोंबले (हे बेकायदा, पण दोन्ही गाड्यांना पुढे अखंड सीट असल्याने ते सर्रास चाले) तर फियाटकडे २९ उरतात आणि अँबेसिडरकडे जवळपास ३१. हलक्या गाडीला प्रत्येक प्रवासी जास्त महाग पडतो. आता यात ओढीचा आकडा मिसळा. पाच माणसांसह फियाटला टनामागे ५९ न्यूटन-मीटर, अँबेसिडरला ६९. फियाटला हा तोटा गिअरने भरून काढावा लागतो. ड्रायव्हर एक गिअर खाली उतरतो आणि इंजिन पळवतो. अँबेसिडरवाला त्याच चढावर वरच्या गिअरमध्ये तोंडातले पान सावकाश चघळत राहतो. ‘फियाट चपळ, अँबेसिडर दमदार’ हे दोन्ही बाजूंचे लोक पटकन मान्य करतात, त्यामागे एवढेच गणित आहे. चपळाई एकट्या माणसाची, दम कुटुंबाचा.

जव्हारच्या चढावर हे उघडे पडते. विक्रमगडकडून वर जाताना समुद्रसपाटीपासून चारशेहून जास्त मीटर चढायचे. वळणामागे वळण, वेग कमी, समोरून वारा नाही. रेडिएटरला हवा लागते ती गाडीच्या वेगाने आणि पंख्याने. वेग गेला की सगळी मदार पंख्यावर, आणि पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर. इथे खालच्या गिअरमध्ये इंजिन पळवणाऱ्या फियाटचा पंखा जोरात फिरतो, हा तिचा छोटासा फायदा. पण उष्णताही जास्त निर्माण होते. उन्हाळ्यात दोन्ही गाड्यांची एकच खोड. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलपंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पुढे ढकलली जात नाही. गाडी खोकते, थांबते. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकत. उपाय गावठी वाटतो, पण बिनचूक आहे. वाफेचे पुन्हा द्रव करायचे तर थंडच करायला हवे.

आता खाली उतरू, पश्चिमेकडे. निर्मळ-आगाशीच्या बाजूला जुने रस्ते वाड्यांच्या कुंपणांमधून गेले आहेत. दोन बैलगाड्या कशाबशा पार होतील एवढीच रुंदी कित्येक आतल्या गल्ल्यांना. फियाटची रुंदी १.४६ मीटर, अँबेसिडरची १.६६. वीस सेंटिमीटर म्हणजे वीत. समोरून टेम्पो आला आणि एका बाजूला गडगा असला की ही वीत फार मोठी होते. लांबीतही अँबेसिडर जवळपास चाळीस सेंटिमीटरनी पुढे. मागे घ्यायची वेळ आली तर फियाटवाला सुटतो. स्टिअरिंग मात्र अँबेसिडरचे सरस. तिला रॅक आणि पिनियन, म्हणजे चक्र फिरवले की दातेरी पट्टी सरळ चाकांना ढकलते. फियाटला जुन्या पद्धतीचे वर्म-गिअर. मधल्या सांध्यांची झीज झाली की चक्र दोन बोटे फिरून मगच चाकाला खबर पोचते. जुन्या फियाटमध्ये बसलेल्याने ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही चक्र डावी-उजवीकडे हलवताना पाहिलेले असते. तो सवयीने नाही, हा ‘प्ले’ खाऊन टाकण्यासाठी हलवत असतो.

खड्ड्यांचे काय? पुढच्या चाकांना फियाटला स्प्रिंग, अँबेसिडरला टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. मागे दोघींना पाटे. अँबेसिडरची चाके १५ इंची, फियाटची १४. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते. त्यात अँबेसिडरची पुढच्या आणि मागच्या चाकांमधली लांबी १२ सेंटिमीटरनी जास्त, त्यामुळे डुलणे सावकाश. मागच्या सीटवर बसणाऱ्याचे मत विचाराल तर अँबेसिडरला तोड नाही, आणि सरकारने तिला उगाच पसंत केले नव्हते; सरकारात निर्णय घेणारा नेहमी मागच्या सीटवर बसतो.

महामार्गावर तिसराच प्रश्न येतो, तो हवेचा. रुंदीला उंचीने गुणले तर अँबेसिडरचा समोरचा भाग फियाटपेक्षा जवळपास पाव पटीने मोठा भरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो मोडायला लागणारी ताकद घनाने. ४० च्या ऐवजी ८० ने जायचे तर हवेपुरती आठपट ताकद लागते. म्हणून वसई-पापडी रस्त्यावर दोन्ही गाड्यांच्या पेट्रोलमध्ये फारसा फरक जाणवत नसला तरी विरार फाटा ते घोडबंदर या टप्प्यात तो खिशाला कळतो. चांगल्या स्थितीतली फियाट लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास जाई, अँबेसिडर नऊच्या. टाकी अनुक्रमे ३८ आणि ५४ लिटरची. दोघींच्या टाक्या भरल्या तर पल्ला मात्र साडेचारशे ते पाचशेच्या मध्येच पडतो. मोठी टाकी म्हणजे जास्त लांब जाणे नव्हे, जास्त पैसे एकदम देणे.

वसईकराला हा पेट्रोलचा हिशेब आणखी एका कारणाने कळतो. वसई किल्ल्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर भाईंदर दिसते. रेल्वेला खाडीवर पूल आहे, मोटारीला नाही. मोटारीने जायचे तर महामार्ग गाठा, वर्सोवा पूल ओलांडा आणि फिरून या. चाळीसेक किलोमीटरचा वळसा. फियाटला एका खेपेला सव्वातीन लिटर, अँबेसिडरला साडेचार. २०२४ च्या फेब्रुवारीत गाड्या नेणारी वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आणि हेच अंतर पाण्यावरून चार किलोमीटरच्या आत आले. या दोन गाड्यांच्या ऐन उमेदीत ती असती तर इथल्या कुटुंबांनी मोटारीचे आणखी काही बेत केले असते असे मला वाटते.

थांबण्याबद्दल माहितीपत्रके फार बोलत नसत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ताकद वाढवणारा बूस्टर नाही. पायाचा जोर तोच ब्रेकचा जोर. ८० च्या वेगाने निघालेल्या अँबेसिडरमध्ये फियाटपेक्षा सव्वापट ऊर्जा साठलेली असते, आणि ती सगळी ड्रममध्ये उष्णता होऊन जिरायची असते. ड्रम तापले की पसरतात, लाइनिंगपासून दूर जातात आणि पेडल खाली जाते. दोन्ही गाड्या शंभराच्या पुढे नेता येत होत्या हे खरे. तिथून त्यांना थांबवणे हा निराळा उद्योग होता, आणि या बाबतीत मी दोघींपैकी कुणाचीच वकिली करणार नाही.

पावसाळ्यात ड्रमचा दुसरा दोष दिसतो. पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी साचते आणि पुढचे दोन-तीन ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. पाण्यातून बाहेर पडल्यावर हलका ब्रेक दाबून धरत थोडे अंतर जायचे, घर्षणाने लाइनिंग सुकते, ही युक्ती त्या काळच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होती. वसई-विरारच्या पाण्याची ओळख वाचकाला करून द्यायला नको. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ बुडून लोकल बंद पडल्या, तेव्हाची दृश्ये देशाने पाहिली. अशा पाण्यात पेट्रोलची जुनी गाडी बंद पडते ती बहुधा डिस्ट्रिब्युटरमुळे. ठिणगीचा उच्च दाबाचा प्रवाह ओल्या झाकणावरून वाट काढतो आणि प्लगपर्यंत जातच नाही. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसले की गाडी पुन्हा सुरू.

इथे अँबेसिडरकडे एक पत्ता होता जो फियाटकडे बराच काळ नव्हता. १९७९-८० च्या सुमाराला तिला डिझेल इंजिन मिळाले, तेच १४८९ सीसीचे, पण जेमतेम ३७ बीएचपीचे. डिझेलला ठिणगी लागतच नाही, म्हणून ओल्या डिस्ट्रिब्युटरची कटकट नाही. हवेच्या नळीतून पाणी आत शिरले नाही म्हणजे झाले. ताकदीचे मात्र हाल. वजन वाढले, घोडे कमी झाले. टनामागे तीसच्या आसपास, तेही रिकाम्या गाडीला. जव्हारच्या चढावर मागे ट्रक लागला तर ट्रकवालाच वैतागत असणार. तरीही भाड्याच्या धंद्यात ही डिझेल अँबेसिडर चालली, कारण धंद्यात किलोमीटरला पडणारा पैसा बघतात, चढाला लागणारा वेळ नाही. प्रीमियरनेही पुढे पद्मिनीत १३६६ सीसीचे डिझेल बसवले, पण तोवर खेळ बदलला होता. मुंबईच्या टॅक्सी तर न्यायालयाच्या आदेशानंतर सीएनजीकडे वळल्या. गॅस सिलिंडरमध्ये जास्त जागा खातो, हवा कमी जाते आणि ताकद साधारण दहा टक्के घटते. शिवाय डिकीत जड बाटला. चाळीस घोड्यांतले चार असे गेले, तरी टॅक्सीवाले खूश होते. गॅस स्वस्त होता.

खेळ बदलला तो १९८३ च्या डिसेंबरात. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, सिलिंडर तीनच, ताकद मात्र फियाटच्या जवळपास आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. टनामागे साठच्या घरात घोडे. इतकी वर्षे फियाट आणि अँबेसिडरवाले ज्या एका-दोन घोड्यांवरून भांडत होते, त्यांच्या वरून ही पंधरांनी उडी मारून गेली, तेही अँबेसिडरच्या जवळपास निम्म्या इंजिनात. प्रीमियरने १९८५ मध्ये निसानच्या इंजिनाची ११८ एनई आणली. हिंदुस्तान मोटर्सने १९९२ मध्ये अँबेसिडरमध्ये इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आणि पाच गिअर बसवले. ७५ बीएचपीची ही अँबेसिडर, माझ्या मते, त्या गाडीला पहिल्या दिवसापासून मिळायला हवी होती. टनामागे पासष्ट घोडे, आणि मागची सीट तीच. पण ३४ वर्षे उशीर झाला होता.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती संपली. अँबेसिडरचे नाव २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना घेतले.

या दोन्हींच्या खासगी गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. एमएच ४८ हा वसईचा क्रमांक अलीकडचा. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांवर ठाण्याचे एमएच ०४ दिसते. अशी एखादी विकाऊ आहे असे कानावर आले आणि घ्यावीशी वाटली, तर माझे मत मागितल्यास वाडीतल्या गल्ल्यांसाठी फियाट आणि चार माणसांच्या कुटुंबाला घेऊन जव्हार-मोखाड्याकडे हिंडायचे तर इसुझू इंजिनाची अँबेसिडर. पण इंजिन ऐकण्याआधी गालिचा उचलावा. दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे अंगच सांगाडा आहे, आणि दाराखालची आडवी पेटी, जिला गॅरेजवाले ‘सिल’ म्हणतात, ती त्याचा कणा. अर्नाळा-कळंबच्या वाऱ्यातले मीठ आणि दारातून ठिबकलेले पावसाचे पाणी याच पेटीत साचते. बाहेरून रंग झकास असतो. आतून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. पत्रा आत गेला की किमतीची बोलणी नव्याने करावीत. इंजिनाचे बोअरिंग होते, पिस्टन मिळतात, गिअरचे दाते लेथवर बनवून देणारेही वालीव-सातिवलीच्या बाजूला शोधले तर सापडतील. सिल मात्र जागेवरच कापून जोडावी लागते. ते काम करताना दारे काढू देऊ नयेत, आणि गाडी मधोमध जॅकवर न तोलता चारही टोकांना टेकू द्यायला सांगावे. नाहीतर वेल्डिंग थंड होईपर्यंत अंग किंचित वाकते आणि गाडी खाली उतरली की मागचे दार लागत नाही.